पुसलेल्या काचा

आमच्या वस्तीची हवा त्या वर्षी सगळ्यात स्वच्छ निघाली. नगरच्या लष्करी भागात दोन्ही बाजूंना कडुलिंब असलेला एक रस्ता आहे, त्याच्यापेक्षाही स्वच्छ. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली, राखेच्या ढिगाला पाठ लावून बसलेली वीसेक घरं, आणि त्यांची हवा स्वच्छ. हे मी म्हणत नाही, आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाने म्हटलं आहे. त्याचा तक्ता आहे, आलेख आहे, आणि तक्त्याखाली ज्या विद्यार्थ्यांची नावं आहेत त्यांत माझंही आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. मी नगरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहत होते. घर एसटीने दोन तासांवर, एका कारखान्याच्या गावात. गाव कोणतं ते सांगत नाही. जिल्ह्यात इतके कारखाने आहेत की कुठलंही धरलं तरी चालेल. वस्ती बौद्धांची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आई हंगामात खुरपायला जायची आणि उरलेला वेळ घर घासण्यात घालवायची. हे 'घासण्यात' मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचा भुसा जळायचा आणि त्याची काळी पिसं उडत यायची. वाळत घातलेल्या धोतरावर, मळलेल्या पिठावर, तान्ह्या पोराच्या पापणीवर. पिसाला बोट लावलं की त्याची रेघ व्हायची, म्हणून झटकायचं नाही, फुंकायचं, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळायचं. पिसांचं एक वेळ ठीक होतं, ती गावभर पडायची. पण बॉयलरची राख ट्रॅक्टरने आणून ओतायचे ती बरोबर आमच्या मागे. वारा सुटला की ढीग उठून घरात यायचा. आईला दमा होता. नगरच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, "धुळीपासून लांब राहायचं." आईने घरी येऊन विचारलं, "लांब म्हंजे कुठं? त्येंच्या घरी का?"

वस्तीने कारखान्याकडे अर्ज केला की ढीग दुसरीकडे हलवा. पलीकडे पडीक जमीन होती, कारखान्याचीच होती, तिथे कुणी राहत नव्हतं. मागणी एवढीच. अर्ज घेऊन वडील आणि आणखी तिघे गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, "राख काय, सगळीकडंच उडते. माझ्या क्वार्टरवर बी पडती. तुमच्याकडंच जास्त पडते याला पुरावा काय? कुठून तरी मोजून आणा, मी बोर्डापुढं ठेवतो. पुढच्या हंगामाच्या आत हलवू."

वडिलांनी ही हकिगत मला सांगितली त्याच आठवड्यात आमच्या सरांनी वर्गात क्षेत्र-अभ्यासाचा विषय जाहीर केला: हवेतल्या धुळीचं मोजमाप. मी उठून म्हटलं, "सर, एक ठिकाण आमच्या वस्तीचं घ्या." ढीग, अर्ज, पुरावा, सगळं सांगितलं. इतकं सगळं सांगायला नको होतं हे मला पुढे कळलं.

सर वाईट नव्हते. शिकवायचे नीट, टिपणं उतरवून देत नसत, मुलींना पुढच्या बाकावर बसवून विसरून जात नसत. ते म्हणाले, "घेऊ. पण दोन अटी. तुझ्या वस्तीतल्या काचांना तू हात लावायचा नाहीस. आणि घरी काही सांगायचं नाही. कशासाठी मोजतोय हे कळलं की लोक मुद्दाम धूळ टाकतात. मग आकड्यांना अर्थ राहत नाही."

मला ते पटलं. शास्त्र असंच असणार असं वाटलं.

पद्धत अगदी साधी होती. फोटोफ्रेमवाल्याकडून वहीच्या पानाएवढ्या काचा कापून घेतल्या. एका बाजूला आलेखाचा कागद चिकटवला, दुसऱ्या बाजूला व्हॅसलीनचा पातळ थर. काच डोक्याच्या उंचीवर टांगायची, आठवडाभर ठेवायची, काढून आणायची आणि भिंगाखाली चौकोनाचौकोनातले कण मोजायचे. एसटी स्टँड, एमआयडीसीचं फाटक, लष्करी भागातला तो रस्ता, घोडेगावचा जनावरांचा बाजार, कारखान्याची कॉलनी आणि आमची वस्ती. प्रत्येक ठिकाणी चार काचा. आमच्याकडे वर्गातली दोन नगरची मुलं गेली. त्यांनी चार घरांच्या दारावर खिळे ठोकले, काचा टांगल्या, आणि आत न येता उभ्या उभ्या सांगितलं, "यावरचं व्हॅसलीन जाऊ देऊ नका. पुढच्या आठवड्यात सर तपासायला येणार आहेत." पाणी विचारलं तर नको म्हणाली. घाई होती, असं ती मला म्हणाली.

आठवड्याने काचा कॉलेजात आल्या आणि आम्ही मोजायला बसलो. एसटी स्टँडच्या काचा अपेक्षेप्रमाणे निघाल्या. घोडेगावच्या चारांपैकी एक म्हशीने चाटली होती. जिभेचा पट्टा खालून वर स्पष्ट दिसत होता, वर्ग हसून लोळला, आणि सरांनी ती काच लगेच बाजूला ठेवली. "ही बाद. बाहेरचा हस्तक्षेप." हा शब्द मी लिहून घेतला.

मग आमच्या वस्तीच्या काचा आल्या. मोजणारा मुलगा म्हणाला, "अगं, तुमच्याकडं तर काहीच नाही. उगाच बोंब मारता." मी भिंग घेतलं. कण होते, पण इकडे एक, तिकडे एक, एका सकाळी पडावेत तेवढे. आणि व्हॅसलीनमध्ये बारीक समांतर रेघा होत्या, कापडाच्या विणीच्या. चारही काचांवर. मी त्या रेघा ओळखल्या. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीवरही ऊन पडलं की अशाच रेघा दिसायच्या. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने ती काच पुसायची, कारण रात्रभर तिच्यावर राख बसायची.

रविवारी घरी गेले. आई दारातच होती आणि शेजारची मावशी तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल काढायच्या आत आईने विचारलं,

"आपली काच कशी निघाली?"

"स्वच्छ निघाली."

आई मावशीकडे वळली. "बघ. म्हनलं न्हवतं तुला?"

"मी कुठं न्हाई म्हनलं?" मावशी म्हणाली. "मी बी रोज पुसली की. तुज्यापरीस चांगली पुसली."

"तुजी न्हाई निघाली पैली, माजी निघाली."

"तू काय बगायला गेल्तीस व्हय?"

मी तिथेच बसले. म्हटलं, "आई, तू काच पुसत होतीस?"

"मग? सर तपासायला येनार म्हनले पोरं. सकाळी बगावं तर काच काळीकुट्ट. कॉलेजचे सर यायचे नि आपल्या दारावर ही घान? तसबीर पुसायची तशी तीबी पुसायची." मग जरा अभिमानाने, "व्हॅसलीन जाऊ देऊ नका म्हनले हुते. म्हनून पुसली की घरच्या डबीतलं परत लावायची. या तिघींनाबी मीच सांगितलं. सगळी डबी सपली, बग, हिवाळ्याची."

"अगं, घाणच मोजायची होती."

मावशीचा हात सुपात थांबला. मग मावशी हसायला लागली, पण आईने तिच्याकडे पाहिलं तेव्हा थांबली.

"असं कुनी सांगितलं न्हाई," आई म्हणाली.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आमची माणसं मुद्दाम घाण करतील, ही शक्यता पद्धतीत धरलेली होती. ती मुद्दाम स्वच्छ करतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं? दाराशी येणारा प्रत्येक माणूस आधी नाकाने वास घेतो आणि मग बोलतो, अशा जगात आयुष्य काढलेल्या बाईने साहेब तपासायला येणार म्हटल्यावर काय केलं असतं, हे कळायला तिच्या ओट्यावर बसावं लागतं. ती मुलं बसली नव्हती.

आई थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्या लावा. आता हात लावनार न्हाई."

सोमवारी मी सरांकडे गेले. काय झालं ते सांगितलं, कापडाच्या रेघा दाखवल्या, आणि म्हटलं की या चार काचा बाद करा, आठवडाभर नव्या लावू. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

सरांनी काच उजेडाकडे धरली, रेघा पाहिल्या, खाली ठेवली. "रेघा कशाच्याही असू शकतात. व्हॅसलीन लावतानाच्या असतील."

"बाकीच्या वीस काचांवर नाहीत, सर."

"हे बघ. आकडा आपल्याला हवा तसा आला नाही की तो बाद करायचा, याला संशोधन म्हणत नाहीत. तुझं घर आहे, तुमचा अर्ज आहे, आणि तुझ्याच घरच्यांच्या सांगण्यावरून तू आकडे काढून टाकायला सांगतेस. याला काय म्हणतात?"

"पक्षपात," मी म्हणाले. शब्द पाठ होता.

"मग."

"पण सर, म्हशीने चाटलेली काच आपण बाद केली."

सर हसले. मनापासून हसले. "अगं, म्हशीने कारखान्याकडे अर्ज दिलेला नाही."

हे उत्तर चांगलं होतं. मी आजही वर्गात पक्षपात शिकवते तेव्हा मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. फक्त ते कशाचं उदाहरण आहे याबद्दल सरांचं आणि माझं एकमत नाही.

नव्या काचांचं विचारलं, तर परीक्षा तोंडावर आली होती, आणि तसाही कारखान्याचा पट्टा त्या आठवड्यात पडत होता, म्हणजे गळीत बंद होत होतं. ऊस संपला, बॉयलर थंड झाला. आता काच टांगली असती तरी तिच्यावर चैत्राची धूळ बसली असती. मी म्हटलं, निदान अहवालात 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद घालू. सर म्हणाले, घाल. मी घातला. चार ओळींचा होता. पानांची संख्या ठरलेली होती, आलेख मोठा आला, आणि टंकलेखनाला जाताना तो परिच्छेद गळला. कुणी काढला हे मी विचारलं नाही. कॉलेजच्या समितीवर कारखान्याचे लोक होते, हे मला माहीत होतं, पण त्यांनी काढायला सांगितला असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. एवढी तसदी घ्यायची कुणाला गरज नव्हती. तो आपोआप गळण्याच्याच लायकीचा समजला गेला.

आणखी एक गोष्ट मी तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना सांगून पाहिली. घोडेगावचे कण तपकिरी होते, जनावरांच्या खुरांनी उठलेल्या मातीचे. कॉलनीच्या काचांवरचे काळे होते. आम्ही दोन्ही एकाच रकान्यात मोजले होते. बाजाराची माती दुसऱ्या दिवशी खाली बसते, राख छातीत जाऊन बसते, मग दोन्हींचा आकडा एकच कसा? परीक्षक म्हणाले, "चांगला विचार आहे." त्यांनी मला भरघोस गुण दिले. सरासरी आणि विचलन बिनचूक काढलं होतं म्हणून.

अहवालाची एक प्रत कॉलेजने कारखान्याला सदिच्छा म्हणून पाठवली. उन्हाळ्यात वडील आणि ते तिघे पुन्हा अर्जाचं विचारायला गेले, तेव्हा त्या अधिकाऱ्याने पुन्हा चहा सांगितला, टेबलाच्या खणातून अहवाल काढला आणि तक्त्यावर बोट ठेवलं. वडिलांनी मला नंतर तसंच्या तसं करून दाखवलं, बोटासकट.

"मी म्हटलं होतं ना मोजून आणा. आणलं की तुमच्या पोरांनी. बघा, सगळ्यात कमी कुठं? तुमच्या वस्तीत. आमच्या कॉलनीत तुमच्या दुप्पट. आता राख हलवायचीच म्हटली तर आमच्याकडून तुमच्याकडं हलवावी लागेल."

सगळे हसले. वडीलही हसले, असं त्यांनीच सांगितलं. मग अधिकाऱ्याने पान उलटलं. "आणि हे नाव कुणाचं? तुमच्याच मुलीनं मोजलंय. आता मी बोर्डापुढं काय सांगू?"

वडिलांनी चहा संपवला आणि चौघे परत आले. घरी येऊन ते ओट्यावर बसले. आईला म्हणाले, "तुज्या फडक्यानं घात केला." आई म्हणाली, "फडक्यानं न्हाई केला." ढीग तिथेच राहिला.

पुढच्या हंगामात मी नगरलाच बी.एड. करत होते. सरांनी नव्या वर्गाला तोच विषय दिला होता आणि तीच ठिकाणं. मुलं येऊन काचा लावून गेली. या वेळी आईने त्यांना विचारलं, "पुसायची न्हाई ना?" मुलं म्हणाली, "नाही, हातच लावायचा नाही." आईने हात लावला नाही. रोज सकाळी ती तसबीर पुसायची आणि दारावरची काच तशीच ठेवायची. मी मधे एकदा घरी गेले होते तेव्हा पाहिलं, दारातून आत-बाहेर करताना ती त्या काचेकडे बघायचं टाळत होती. चौथ्या घरच्या सुनेने एकदा पुसायला घेतली तर मावशी तिच्यावर ओरडली, "र्‍हाऊ दे ती घान. कामाची हाय."

काचा काढायला त्या वेळी सर स्वतः आले, रविवारी. मी घरी होते. त्यांनी मला ओळखलं, बी.एड. कसं चाललंय विचारलं, आणि मग काच खिळ्यावरून काढून हातात घेतली. आलेखाच्या कागदाचे चौकोन दिसत नव्हते. सगळी काच काळी, मखमलीसारखी. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, आता हा आकडा आहे.

सरांनी काच वाकडी करून पाहिली. मग आईला विचारलं, "मावशी, ही चुलीजवळ वगैरे ठेवली होती का?"

"न्हाई. हितंच हुती. दारावर."

"नाही, कसं, मागच्या वर्षीपेक्षा फारच फरक आहे. मागच्या वर्षी इथलीच तर सगळ्यात स्वच्छ होती. एका वर्षात एवढा फरक हवेत पडत नाही. चुलीच्या धुराचं असणार." शेजारच्या तीन दारांवरच्या काचाही तशाच होत्या. सरांनी त्या पाहिल्या आणि ते म्हणाले, "चौघींकडे चूलच आहे ना?"

मी बोलायला तोंड उघडलं. मागच्या वर्षीचा आकडा चूक आहे हे तुम्हाला मी सांगितलं होतं, असं म्हणणार होते. आईने हाताने मला थांबवलं. ती दाराच्या बाजूला गेली. तिथे ओट्यावर, पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला तांब्या होता. एरवी त्याच्यावर फुलपात्र पालथं असायचं. त्या दिवशी ते बाजूला काढून ठेवलेलं होतं. कधीपासून, मला माहीत नाही. तिने तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि सरांपुढे धरलं. पाण्यावर काळी पिसं तरंगत होती.

"चूल आत हाय, सर. हे पानी भाईर हुतं. घ्या."

सरांनी फुलपात्र हातात घेतलं. पाण्याकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर आलेली मुलं माझ्याकडे पाहत होती. मग त्यांनी ते न पिता ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आत्ताच चहा झालाय, मावशी."

ते राखेमुळे प्यायले नाहीत, की आमच्या घरचं म्हणून, की खरंच चहा झाला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मागच्या वर्षी ती दोन मुलंही प्यायली नव्हती, आणि तेव्हा पाणी झाकलेलं होतं. एवढ्या दोन नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हे मला सरांनीच शिकवलं आहे.

काचा वर्तमानपत्रात गुंडाळून ते जीपने गेले. त्या वर्षीच्या अहवालात आमच्या वस्तीचा रकाना रिकामा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की घरगुती चुलींच्या धुरामुळे येथील नोंदी बाद केल्या आहेत. मर्यादा या वेळी छापून आली.

जीप वळली तशी आईने फुलपात्रातलं पाणी अंगणात टाकलं. मग राख घेऊन ते घासलं, तांब्याही घासला, दोन्ही धुतले, आणि फुलपात्र पुन्हा तांब्यावर पालथं घातलं.